सोळा लाखांचा डोंगर

औरंगाबादच्या सिडकोत पाणी यायचा दिवस म्हणजे गल्लीच्या गप्पांचा दिवस. मोटारी चालू, टाक्या भरू लागलेल्या, आणि पाणी वाहून गेलं तर पुढची पाळी कधी ते देव जाणे, म्हणून घर सोडायची सोय नाही. मग माणसं कुंपणाच्या भिंतीशी येतात. आमची भिंत छातीइतकी. पलीकडं काकू, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले काका. काकांची सगळी नोकरी मनमाड ते नांदेड या पट्ट्यात झाली. त्यांच्यापुढं लग्नाचा विषय काढा नाहीतर गुडघेदुखीचा, बोलणं शेवटी रुळावर येतंच.

"काय मग, कसं झालं माथेरान?" काकूंनी सुरुवात केली. "सून सांगत होती, माकडानं तुमचा पाव पळवला म्हणे."

"पाव कुठला काकू, चिक्कीची अख्खी पिशवी नेली."

"बघा! चौथ्या घरापर्यंत जाताजाता चिक्कीचा पाव झाला."

"पण गाडी मात्र झकास," मी म्हटलं. "देवगिरीनं पहाटे कल्याण, तिथून लोकलनं नेरळ, आणि मग ती इवलीशी गाडी. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून समोर दिसतं. नातू मोजत बसला होता वळणं, शंभराच्या पुढं झोपून गेला."

"दोनशेच्या वर आहेत," घरातून आवाज आला, आणि पाठोपाठ काका. हातात ओला पाइप, खांद्यावर पंचा. "वीसेक किलोमीटरचा रस्ता आणि दोनशेच्या वर वळणं. सरळ असा रूळ तिथं शोधावा लागतो."

"इंग्रजांचीच कमाल," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्यात थंडावा पाहिजे म्हणून काय काय करून ठेवलं त्यांनी."

काकांनी पाइप खाली ठेवला. मी समजले, आता टाकी वाहिली तरी चालेल.

"माथेरान हेरलं इंग्रजानं, गाडी बांधली बोहऱ्यानं," काका म्हणाले. "१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून वर गेला, त्याला जागा आवडली. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, त्यानं तिथं बंगल्यांना चालना दिली. मुंबईहून गाडी त्याच दशकात नेरळपर्यंत आली. पण नेरळच्या पुढं काय? पालखी, घोडा, नाहीतर स्वतःचे पाय. पन्नास वर्षं तसंच चाललं. इंग्रज सरकारला काही वाटलं नाही. वाटलं ते सर आदमजी पीरभॉय यांना."

"हे कोण?"

"दाऊदी बोहरा. काठेवाडातलं घराणं, मुंबईत वाढले. लहानपणी रस्त्यावर काडेपेट्या विकायचे असं सांगतात. पुढं लष्कराला तंबू नि बूट पुरवायला लागले, पैसा आला. मुंबईचे शेरीफ झाले, सर झाले. माथेरानला त्यांचं जाणंयेणं होतं. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन, त्याच्या डोक्यात १९०० च्या सुमारास आलं की या डोंगरावर रूळ घालायचा. बापानं पैसा दिला. १९०४ ला काम सुरू, १९०७ ला गाडी वर. खर्च किती, सांगा?"

"सांगा तुम्हीच."

"सोळा लाख रुपये. १९०७ चे सोळा लाख, वहिनी! सोनं तेव्हा तोळ्याला वीस-पंचवीस रुपयांच्या घरात होतं."

काकूंनी मनातल्या मनात सोळा लाखांचं सोनं केलं असावं, कारण त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या पैशात त्यांनी मुंबईत चाळी बांधल्या असत्या तर नातवंडांनी भाड्यावर बसून खाल्लं असतं."

"तेच तर! बापाच्या खिशातून पोराच्या हौसेला सोळा लाख. वरून सरकारची हमी नाही, व्याजाची खात्री नाही. डोंगरावरची कंपनी काढायची म्हणजे पहिला प्रश्न असतो, तोटा झाला तर कोणाचा? बाकीच्या कंपन्यांनी त्याचं उत्तर आधी लिहून घेतलं होतं."

"म्हणजे कसं?"

काका भिंतीला टेकले. "आता आपलं नेहमीचं बघा. इथून मुंबईला जाताना इगतपुरीच्या पुढं कसारा घाट लागतो. रेल्वेवाले त्याला थळ घाट म्हणतात. पुण्याकडं तसाच बोरघाट. ते दोन्ही बांधले जीआयपी कंपनीनं, ग्रेट इंडियन पेनिन्शुला. लंडनची कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीशी करार असा की भागधारकांना पाच टक्के व्याज मिळणारच. गाडीनं कमावलं तर गाडीतून, नाही कमावलं तर इथल्या तिजोरीतून. तिजोरी म्हणजे शेतसारा. भागधारक लंडनला चहा पीत बसायचा, आणि त्याच्या पाच टक्क्यांची काळजी इथल्या कुणब्याला."

"हे तर घरजावयासारखं झालं," काकू म्हणाल्या. "पीक येवो न येवो, त्याचा मान ठरलेला."

"अगदी. आणि जावयाला काटकसर करायचं काही कारण राहत नाही. त्या काळी यावरून लंडनच्या पार्लमेंटात सुद्धा ओरड झाली, की हमीच्या कंपन्या वाटेल तसा खर्च करतात."

"पण घाट अवघड तर होताच ना?"

"अवघड म्हणजे! बोरघाटात चढ सदतीसला एक. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. मध्ये एका ठिकाणी जागाच नव्हती वळायला, तर गाडी उलटी फिरवायचं स्टेशन केलं होतं. गाडी एका बाजूनं यायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग पुढचा चढ. आजही कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीला मागून बँकर लावतात की नाही? वर ढकलायला जादा इंजिनं. ती त्या डोंगराचीच वसुली आहे, दीडशे वर्षं चाललेली."

"कर्जतला बँकर लावेपर्यंत वडा खायला वेळ मिळतो," मी म्हटलं.

"तेवढाच प्रवाशाचा फायदा," काका म्हणाले. "पण बोरघाटाची खरी गोष्ट बाईची आहे. काकूंना सांगितली नाही मी?"

"मला कुठं काय सांगता तुम्ही? वहिनी आल्या की तुमचं तोंड उघडतं."

"तर ऐका. बोरघाटाचं काम ज्या ठेकेदाराकडं होतं, त्याच्या हाताखाली मजुरीवरून दंगा झाला, १८५९ साली. मजुरांना पैसे वेळेवर मिळेनात. त्या ठेकेदारानं काम सोडलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार आला. बायको बरोबर. आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. आता परक्या मुलखात नवरा गेलेली बाई, तिनं काय करावं?"

"परत जावं," काकू म्हणाल्या.

"नाही गेली! ॲलिस ट्रेडवेल तिचं नाव. ठेका तिनं स्वतःच्या नावावर चालू ठेवला. दोन अनुभवी इंजिनिअर कामावर ठेवले आणि घाट पुरा केला. ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास माणूस त्या डोंगरावर राबत होता. १८६३ ला बोरघाट उघडला. १८६५ ला थळ घाट."

काकूंचा चेहरा उजळला. "आणि पुस्तकात नाव कोणाचं?"

"चीफ इंजिनिअर जेम्स बर्कलीचं."

"वाटलंच!"

"आणि जे मजूर मेले त्यांची नावं तर कुठंच नाहीत," काका म्हणाले. "पटकी, सुरुंग, पाऊस. हजारो गेले."

तेवढ्यात गल्लीतून कोणाची तरी टाकी वाहू लागल्याची ओरड झाली. आमची नव्हे, म्हणून आम्ही हललो नाही.

"आपल्याकडं, औरंगाबादला, गाडी कोणी आणली मग? निजामानं?" मी विचारलं. आमच्या पिढीच्या तोंडात अजून जुनंच नाव येतं.

"निजामाच्या नावानं, लंडनच्या कंपनीनं, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या पैशानं," काका म्हणाले. "निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. नावातच हमी! १८८३ ला लंडनमध्ये कंपनी झाली. हैदराबाद संस्थानानं वीस वर्षं पाच टक्क्यांची हमी दिली. सालारजंग, मोठा कर्तबगार दिवाण, त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला. त्यानंतर हा व्यवहार पुढं रेटला गेला. आणि लोकांनी त्यावर प्रश्न विचारले, हे तुम्हाला माहीत नसेल."

"निजामाच्या राज्यात प्रश्न?"

"हो ना! अघोरनाथ चट्टोपाध्याय. एडिंबरोहून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस, हैदराबादला कॉलेज चालवायचा. सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांनी आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारख्या लोकांनी म्हटलं, हा चांद्याकडं, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडं, जाणाऱ्या रेल्वेचा करार आधी लोकांपुढं ठेवा. हमी किती, पैसा कुठं, फायदा कोणाला ते सांगा. बस, एवढंच. तर अघोरनाथांना संस्थानाबाहेर काढलं."

"रेल्वेचा हिशोब विचारला म्हणून?"

"रेल्वेचा हिशोब विचारला म्हणून. आणि गंमत बघा, या व्यवहारात ज्यानं पुढाकार घेतला तो अब्दुल हक, त्याच्या नावावर पाचच वर्षांत दुसरं प्रकरण निघालं. खाणींच्या कंपनीचे शेअर स्वतःजवळचेच निजाम सरकारच्या गळ्यात मारले. १८८८ ला लंडनला पार्लमेंटची समिती बसली त्यावर. म्हणजे विचारणारा तडीपार, आणि विकणारा दिवाणखान्यात."

"आजकाल असं होत नाही बाई," काकू म्हणाल्या, आणि आम्ही तिघं हसलो.

"मग आपल्या स्टेशनात गाडी आली कधी?"

"१९००. मनमाडहून सिकंदराबादला हैदराबाद-गोदावरी व्हॅली म्हणून मीटर गेजची लाइन टाकली, सहाशेवर किलोमीटर. १९०१ पर्यंत सगळी पुरी झाली. तो काळ आठवा. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. एकीकडं रान करपलेलं आणि एकीकडं रुळाची खडी फुटू लागलेली. आपली लाइन सपाटीची. दौलताबादजवळ किल्ल्याच्या पायथ्याशी डोंगर दिसतो, पण गाडी त्याला वळसा घालून निघते. गोदावरीच्या खोऱ्यातून जायचं, डोंगराशी भांडायचं नाही, असा हिशोब."

"पण मनमाडला गाडी बदलायला लागायची ना," काकू म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा नाशिकहून मोठ्या गाडीनं मनमाड, आणि तिथं ट्रंका, गाठोडी, लोणच्याची बरणी घेऊन छोट्या गाडीत. बरणी फुटली. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, सून आली ती लोणचं सांडून."

"गेजचा दोष तुझ्यावर आला," काका म्हणाले. "मालाचंही तेच. कापूस, धान्य, सगळं मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं तेव्हा कुठं मुंबईची गाडी थेट आली. आणि ती हमीची कंपनी निजाम सरकारनं विकत घेतली ते १९३० साली. लोकांचीच रेल्वे लोकांच्याच पैशानं पुन्हा विकत."

काकू आत गेल्या, मोटार बंद करून आल्या, येताना ताटलीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. भिंतीवर ताटली ठेवली. आता बैठक पक्की झाली.

"माथेरानचं अर्धवट राहिलं," मी म्हटलं. "ती गाडी बांधली कशी? डोंगर तर उभा कडा."

"तिथं लातूर-बार्शीवाल्यांचा संबंध येतो," काकांनी गुळाचा खडा मोडला. "एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. तरुणपणी जीआयपीत नोकरीला आला होता. त्याच्या डोक्यात एकच खूळ, स्वस्त आणि अरुंद रेल्वे. त्यानं १८९५ ला बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली, अडीच फुटी रूळ. १८९७ ला कुर्डुवाडीजवळून बार्शीला गाडी सुरू. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आणि ही कंपनी चालली बरं का! कारण काय असेल?"

"कापूस?"

"कापूस, धान्य, आणि आषाढीला वारकरी. पंढरपूरला डबे कमी पडले की मालडब्यात माणसं. सपाट मुलूख, माल भरपूर, देव खात्रीचा. १९५४ ला सरकारनं ताब्यात घेईपर्यंत ती खासगी कंपनीच राहिली."

"आमच्या आत्या लातूरच्या," काकू म्हणाल्या. "त्या गाडीतून उतरून माणूस ऊस तोडून परत चढायचा म्हणे."

"हे प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात, पण बार्शीच्या गाडीबद्दल खरंही असेल. तर हा कॅलथ्रॉप पीरभॉयांचा सल्लागार. त्यानं सांगितलं, रूळ दोन फुटीच ठेवा. अडीच फुटीही नको. रूळ जितका अरुंद, तितकं वळण लहान घेता येतं. वळण लहान तर डोंगर कमी फोडायचा. डोंगर कमी फोडायचा तर पैसा कमी. चढ वीसला एक. बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट उभा!"

"मग गाडी घसरत कशी नाही? उटीला दातांचं चाक असतं म्हणतात."

"उटीला आहे, कारण तिथला चढ बाराला एक. माथेरानला दाताबिताचं काही नाही, साधी चाकं, साधा रूळ. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलनं चार इंजिनं केली. त्यांची गंमत अशी की टोकाची चाकं वळणावर थोडी बाजूला सरकायची, म्हणजे लांब इंजिनही लहान वळणात अडकत नसे. आणि उतरताना गाडी हातात राहावी म्हणून डब्याडब्यावर ब्रेकवाला माणूस. शिट्टी झाली की हातानं ब्रेक फिरवायचा. वाफेची इंजिनं १९८२ पर्यंत होती, मग डिझेल. वाटेत वॉटर पाइप म्हणून स्टेशन लागलं का? वाफेची इंजिनं तिथं पाणी प्यायची."

"लागलं तर!" काकू म्हणाल्या, जशा काही त्याच गेल्या होत्या. "डोंगरावर इंजिनाला पाणी आणि सिडकोत माणसाला नाही."

"आणि तो बोगदा?" मी विचारलं. "आमचे हे फार हसत होते त्यावरून."

काकांनी घसा खाकरला. काकूंनी पदर सावरला. "वन किस," काका म्हणाले. "सगळ्या रस्त्यात तेवढाच एक बोगदा आणि तोही एवढासा, त्यावरून लोकांनी नाव ठेवलं. बोगद्याचा उपयोग काय ते कोणी विचारत नाही. तो खणला नसता तर बोरघाटासारखं गाडी उलटी फिरवायला लागली असती."

"तुम्ही कधी नेलं नाही मला त्या बोगद्यात," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं फुकटचा पास होता."

काकांनी शेंगदाण्यांकडं लक्ष दिलं. मी विषय पुढं ढकलला. "त्या कॅलथ्रॉपचं पुढं काय झालं?"

"त्याचं? तो अरबी घोडे पाळायचा. मग पॅराशूटच्या मागं लागला. १९१० ला त्याच्या डोळ्यांदेखत चार्ल्स रोल्सचं विमान कोसळलं, रोल्स-रॉइसमधला रोल्स. त्यानंतर हा बसला वैमानिकासाठी छत्री बनवत. गार्डियन एंजल तिचं नाव. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हेर उतरवायला ती वापरली, पण स्वतःच्या वैमानिकांना काही दिली नाही."

"का हो?"

"छत्री दिली तर विमान सोडून उडी मारतील, अशी साहेबांची समजूत असं सांगतात. जीव वाचवायची वस्तू, आणि ज्याला पाहिजे त्यालाच नाही. एकूण डोंगर असो की आभाळ, याचं काम एकच, लोकांना वर नेऊन सुखरूप खाली आणायचं."

काकूंना पॅराशूटपेक्षा पैशाची काळजी होती. "पण पीरभॉयांना सोळा लाख परत मिळाले का?"

"डोंगरावरच्या कंपनीला पैसे परत मिळत नाहीत," काका म्हणाले. "आपल्या देशातल्या कुठल्याही घाटगाडीचा इतिहास काढा. उटीची निलगिरी रेल्वे कंपनी १८८५ ला निघाली, १८९४ ला बुडाली. दुसरी कंपनी काढली तेव्हा कुठं १८९९ ला कुन्नूरपर्यंत गाडी गेली. कालका-शिमला १९०३ ला सुरू झाली. सरकारनं भाडं जास्त घ्यायची मुभा दिली, तरी भागेना. १९०६ ला सरकारनंच विकत घेतली, आणि तो तोटा कोणाच्या डोक्यावर आला ते सांगायला नको. दार्जिलिंग सोडली तर सगळ्यांची रडकथा. तिथं चहा होता. चहाच्या पेट्या खाली उतरायच्या, तांदूळ वर जायचा, बारा महिने माल. माथेरानला माल काय? हवा."

"आणि चिक्की."

"ती माकडांनी खाल्ली. वर्षातून चार महिने पाऊस, तेव्हा नेरळची गाडी बंदच. पुढं माथेरानच्या वेशीवर, दस्तुरीपर्यंत, मोटारीचा रस्ता झाला, प्रवासी टॅक्सीत बसले. शेवटी ही गाडी मध्य रेल्वेकडं आली. आणि सरकारच्या ताब्यात येऊनही डोंगर थांबला नाही. २००५ च्या जुलैच्या पावसात रूळ वाहून गेले, दुरुस्तीला दीड-दोन वर्षं. २०१६ ला अमन लॉज स्टेशनजवळ गाडी दोनदा घसरली, लगेच बंद. २०१९ ला पुन्हा पावसानं लाइन उखडली, २०२२ च्या दिवाळीत सुरू झाली. दार्जिलिंग, निलगिरी, शिमला या तिघींना युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. माथेरानचं नाव अजून रांगेत."

"एवढी कटकट आहे तर बंद का करत नाहीत?" काकूंनी विचारलं.

"कारण माथेरानात मोटार नाही," मी म्हटलं. हे मला ठाऊक होतं, पाय अजून दुखत होते. "दस्तुरीला टॅक्सी सोडायची, पुढं चालायचं, नाहीतर घोडा, नाहीतर अमन लॉजहून ती गाडी."

"बरोबर," काका म्हणाले. "२००३ ला सरकारनं माथेरानला पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील ठरवलं. मोटारबंदी आधीपासूनची. म्हणून तिथं गाडीला काम उरलंय. आता काही वर्षांपासून थोड्या ई-रिक्षा चालू लागल्यात, सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते तेव्हा सुद्धा अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालतात, सिलिंडर नि दूधभाजी वर न्यायचा प्रश्न असतो."

काकूंनी ताटली उचलली, मग पुन्हा ठेवली. त्यांच्या मनात काहीतरी होतं. "मग आपल्या म्हैसमाळला का नाही अशी गाडी? खुलताबादहून वर. भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं, गाडीत बसायचं, गिरिजादेवीला जायचं. वेरूळ खालीच आहे, परदेशी माणसं येतात. पावसाळ्यात किती हिरवं असतं वर!"

मलाही कल्पना आवडली. डोळ्यांपुढं लाल-निळे डबे खुलताबादच्या वळणावरून वर निघाले.

काकांनी मात्र हिशोब मांडला. "म्हैसमाळच्या माथ्यापर्यंत डांबरी रस्ता जातो. माणूस आपल्या गाडीनं घरून निघतो आणि तासाभरात वर उतरतो. तो कशाला खुलताबादला उतरून दोन फुटी गाडीत बसेल? एकदा हौसेनं बसेल, फोटो काढेल. मग? माल कुठला? वर गाव केवढं? मोटारबंदी करायची म्हटली तर पहिला मोर्चा आपलीच गल्ली काढेल. आणि सगळ्यात मोठं, तोटा कोण सोसणार? हमी देऊन कंपनी आणायची म्हटली तर ते १८८३ झालं. पीरभॉयासारखा सोळा लाख डोंगराला देऊन टाकणारा आज कोणी आहे का, जरा डोळ्यांपुढं आणा."

आम्ही आणून पाहिला. शहरातले चार-पाच बडे बिल्डर डोळ्यांपुढून गेले. प्रत्येकानं आधी माथ्यावर प्लॉट पाडले.

"नकोच मग," काकू म्हणाल्या. "डोंगर तेवढा राहू द्या म्हणावं."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "लोक म्हणतात, इंग्रजांनी रेल्वे दिली. दिली नाही कोणी. बोरघाटाचे पैसे शेतसाऱ्यातून गेले, आपल्या लायनीची हमी हैदराबादच्या खजिन्यातून, निलगिरीत भागधारक बुडाले, शिमल्याला सरकारनं बोजा घेतला. या सगळ्यांत एकट्या माथेरानच्या गाडीचा पैसा एका घरातून गेला, आणि त्या घरानं कोणाकडं हमी मागितली नाही. पीरभॉय १९१३ ला वारले, गाडी सुरू झाल्यावर सहाच वर्षांत. आज नेरळला तिकीट काढणाऱ्या शंभरातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल?"

"आता आमच्या गल्लीत तरी होईल," मी म्हटलं. "उद्यापर्यंत चौथ्या घरात पोचेल."

"तिथं पोचेपर्यंत पीरभॉयांचं काहीतरी भलतंच होईल," काकू म्हणाल्या. "चिक्कीचा पाव झाला तसं."

म्हणून लिहूनच ठेवलं. माथेरानला जाणार असाल तर नेरळला उतरल्यावर टॅक्सीवाल्याच्या हाकेला लगेच ओ देऊ नका. खिडकीवर जाऊन छोट्या गाडीचं तिकीट काढा. गर्दी असते, लवकर जा, आणि पावसाळ्याचे चार महिने नेरळची गाडी नसते हे ध्यानात ठेवा. टॅक्सीनं तासभर वाचतो, पण तिकीट काढणारे कमी झाले की पुढच्या पावसानंतर रूळ पुन्हा बसवायचे कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. सर आदमजींनी सोळा लाख घातले होते, आपल्याला एक तिकीट जड नाही. आणि काका, हे वाचत असाल तर काकूंसाठी दोन तिकिटं काढा. बोगदा अजून आहे.